ग्रुप सोडलेले शेजारी

आमच्या वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी मनःशांतीसाठी सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप सोडला, आणि सोडला हे सगळ्या गल्लीला ओरडून सांगितलं. "डोस्क्याला ताप न्हाय बगा आता. झोप कशी फस्टक्लास लागती!"

तेव्हापासून रोज संध्याकाळी मी स्कूटर लावतो न लावतो तोच जिन्यातून हाक येते, "काय सर, ग्रुपवर काय म्हणत्यात?" पाण्याच्या टाकीवरून कोण कुणाला काय बोललं, ते माझ्याकडून वाचून घ्यायचं, मध्येच "आयला, असं म्हणाला व्हय?" म्हणत मांडीवर थाप मारायची आणि शेवटी मलाच दम द्यायचा, "सोडा की ते! बीपी वाढंल तुमचं."

गेल्या महिन्यात आई घसरून पडली, पायाला प्लास्टर लागलं. मी ग्रुपवर कळवलं. यांना सांगायचं राहूनच गेलं. संध्याकाळी दारावर थाप. "आज आक्कांचा आवाज न्हाय, म्हटलं बगावं." प्लास्टर बघितलं, तसेच वर गेले आणि पांढऱ्या रश्श्याचा डबा घेऊन खाली आले. आईला पोटभर हसवलं. निघताना सवयीनं विचारलंच, "ग्रुपवर काय म्हणत्यात?"

मी फोन त्यांच्या हातात दिला. फुलं, जोडलेले हात, 'लवकर बऱ्या व्हा'. ते अंगठ्यानं सरकवत राहिले. मग फोन परत देत हळू आवाजात बोलले. त्यांना हळू बोलता येतं, हे मला तेव्हाच कळलं.

"आन् बघायला कोण आलतं?"