राखेनं घासलेल्या काचा

आमच्या गावच्या सोसायटीचे चेअरमन बोलायला लई गोड. त्या दुष्काळी सालात, पाडव्याच्या आधी, आम्ही दोघं नवरा-बायको ऊसतोडीवरून परतलो आणि अंगावरची धूळ झटकायच्या आत चेअरमन दारात हजर. "वहिनी, यंदा कोयता खुंटीला लावा," म्हणाले. "उन्हावर चालणाऱ्या गिरणीला सरकार अनुदान देतंय. पॅनल तुमच्या छतावर, गिरणी तुमच्या ओट्यावर. बसल्या जागी दळण दळा. आमी हाव की." मला काय, कुणीतरी एवढंच म्हणायची खोटी होती.

लग्न झाल्यापासून एकही संक्रांत मी माझ्या घरात केलेली नव्हती. दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे ट्रॅक्टरमध्ये बसायचं, उसाच्या फडात पाचटाची खोपी करायची आणि हातपाय मोडून घेऊन चैताच्या तोंडाला परत यायचं. मागं घरात सासूबाई एकट्या. त्यांना मी आत्याबाई म्हणते. आमच्या गल्लीत सीझनभर अशा म्हाताऱ्या तेवढ्या उरतात, एकमेकींच्या उंबऱ्यावर बसून. त्याच सीझनात त्या न्हाणीत पडल्या, पायाला सूज आली, आणि आम्हाला ते फडातून परत आल्यावर कळलं. तेव्हाच मी ठरवलं होतं की काहीही होवो, पुढच्या साली मी या बाईला एकटीला टाकून जाणार नाही.

अनुदानाची रीत अशी की आधी पॅनल बसवायचे. मग साहेब येऊन पाहणी करणार. त्यांनी ठीक म्हटलं की सरकारचा वाटा कंपनीला मिळणार, नाही म्हटलं तर कंपनी आपला माल उचलून नेणार. आमचा वाटा भरायला माहेरची म्हैस विकली. तिला वैरण तरी कुठून आणणार होते मी?

पण गिरणी चालली हो! आधी दळणाला पाटोद्याला जावं लागायचं. आता ऊन तापलं की बाया डबे घेऊन ओट्यावर. आत्याबाई पिठानं पांढऱ्याफटक होऊन डब्यांची रांग लावायच्या, कुणी मधी घुसली की तिची आईमाई काढायच्या. कुणी विचारलं, "म्हातारे, लाईट न्हाई तर हे फिरतंय कशावर?" तर बोट वर करून म्हणायच्या, "त्याला कामाला लावलंय. लई दिवस आमाला नुसतंच भाजित व्हता." मालकांनी कोयता विकायचा काढला, तर आत्याबाईंनीच तो काढून घेतला आणि माळ्यावर टाकला. "लोखंड हाय, ऱ्हाऊ दे," म्हणाल्या.

मृग कोरडा गेला. रस्त्याची धूळ उडून पॅनलवर बसायची आणि गिरणी भर दुपारी कण्हायला लागायची. कंपनीच्या माणसानं सांगून ठेवलं होतं, दर आठवड्याला पाण्यानं धुवायचे. धुवायचे! आमच्या गल्लीत टँकर आला की घागरीवरून बायांच्या झिंज्या हातात यायच्या. पाडव्यापासून आम्ही भांडी पाण्यानं घासलीच नव्हती. कोरडी राख घ्यायची, काथ्यानं रगडायची, फडक्यानं पुसायची, झालं. सगळ्या गावाची तीच तऱ्हा होती आणि राखेनं घासलेल्या ताटात जेवायला कुणाला कमीपणा वाटत नव्हता.

एका सकाळी चेअरमनचा निरोप आला, "उद्या पाहणीला साहेब येणार. पॅनल लखलखीत पाहिजेत." नशीब, त्याच दिवशी आमच्या गल्लीचा टँकर होता. मी घागरी, बादल्या, होतं नव्हतं ते सगळं रांगेत लावून बसले. दुपार कलली तरी टँकर येईना. शेवटी उठून हुडकायला निघाले.

टँकर चेअरमनच्या दूध केंद्रापुढं उभा होता. त्यांनीही त्याच योजनेत आख्ख्या छतावर पॅनल बसवले होते आणि दोन माणसं वर चढून पाइपानं ते धूत होती. पाणी छतावरून नालीत पडत होतं, नालीत कोंबड्या चोची बुडवत होत्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"प्यायचं पाणी हाय ते!" मी रस्त्यावरूनच ओरडले. "काचा न्हाऊ घालताय व्हय?"

चेअरमन खुर्चीतून उठलेसुद्धा नाहीत. "वहिनी, कावून तापता? सायेब आधी इथं येणार. गावाच्या इज्जतीचा सवाल हाय. एक घागर भरून घ्या तुमी."

मुडदा बसवला त्या इज्जतीचा! पण घागर मी भरून घेतली. घरात प्यायला थेंब नव्हता.

घरी येईस्तोवर अंधार पडायला आला होता. बघते तर आत्याबाई छतावर. त्या सुजऱ्या पायानं शिडी चढून गेलेल्या, पदर खोचलेला, शेजारी चुलीतल्या राखेचं टोपलं आणि हातात काथ्या. प्रत्येक काच पितळी परातीसारखी रगडून झाली होती. घामानं नि राखेनं तोंड माखलेलं, आणि त्यातून बाई हसत होत्या.

"तू घागर पोटाला ठिव," म्हणाल्या. "ह्यास्नी पानी कशाला? बग, आरशावानी केल्यात. आता न्हाई म्हनायची त्या सायबाची छाती हाय का?"

त्या अंधुक उजेडात काचा खरंच लखलखत होत्या. मी त्यांचा हात धरून खाली उतरवलं आणि आधी पाणी पाजलं. त्या रात्री आम्ही सासूसुना पहिल्यांदा संक्रांतीचं बोललो. वाणाला काय द्यायचं, कुणाकुणाला बोलवायचं. त्या म्हणाल्या, पीठच देऊ.

दुसऱ्या दिवशी साहेब चेअरमनच्या घरी मटण जेवून आमच्याकडं आले. ऊन मरणाचं होतं. साहेब शिडीनं छतावर चढले, त्यांच्या मागं मी. त्या उन्हात मला पहिल्यांदा दिसलं, सगळ्या काचांवर गोल गोल ओरखडे उठले होते. राखेतली रेव, दुसरं काय! साहेबांनी बोट फिरवलं आणि विचारलं, "हे कशानं घासलं?"

"राखेनं, सायेब," आत्याबाई शिडीखालून ताठ मानेनं बोलल्या. "समदं मीच घासलं."

साहेब हसले. ते हसले म्हणून चेअरमन हसले. मग साहेब म्हणाले, काच खराब केलीय, नियमात बसत नाही.

खाली गिरणी घरघर चालू होती. गरम पीठ डब्यात पडत होतं, दोन बाया वाट बघत बसल्या होत्या. मी म्हटलं, "सायेब, ऐका की. चालतीया न्हवं?"

"चालण्याचा प्रश्न नाही, बाई. नियमाचा आहे."

मी चेअरमनकडं बघितलं. दाराशी येऊन 'आमी हाव की' म्हणणारा तोच माणूस आता चपला घालत होता. "मी तर सांगितलं व्हतं, पाण्यानं धुवा म्हणून," म्हणाले आणि साहेबांना गाडीपर्यंत सोडायला गेले. त्यांच्या दूध केंद्राचं अनुदान विनासायास मंजूर झालं. दुष्काळात उन्हाचं सोनं कसं करावं यावर त्यांचं भाषणही झालं म्हणे. आजही ते आठवलं की माझ्या तोंडाची चव जाते. ज्या पाण्यानं आमच्या काचा वाचल्या असत्या, त्याच पाण्यानं त्यांच्या काचा लखलखल्या, आणि अडाणी मात्र आम्ही ठरलो.

पोळ्यानंतर कंपनीची माणसं येऊन पॅनल आणि मोटार काढून घेऊन गेली. जाती तेवढी ठेवली, ती आमच्या वाट्यातली. छतावर लोखंडी सांगाडे उभे राहिले. आत्याबाई त्या दिवसापासून ओट्यावर बसायच्या बंद झाल्या. मी त्यांना एका शब्दानं बोलले नाही, मालकही बोलले नाहीत. तरी त्या रोज एकदा विचारायच्या, "समद्याच काचा खराब झाल्या व्हय गं? एक बी चांगली न्हवती?"

मग दिवाळीच्या तोंडावर ट्रॅक्टर दारात आला. मी भाकरीचं गाठोडं बांधलं, अंथरुणं चढवली, मालक आधीच वर जाऊन बसले. कोयता आणायला माळ्यावर चढले तर कोयता जागेवर नाही. खाली उतरून बघते तर आत्याबाई न्हाणीपाशी बसल्या होत्या. पुढ्यात राख, हातात काथ्या. इतक्या महिन्यांचा गंज उतरवून त्यांनी कोयता पांढराशुभ्र केला होता.

तो पदरानं पुसून त्यांनी माझ्या हातात दिला. "ह्याला तर चालती न्हवं गं राख?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "चालती, आत्याबाई." आणि ट्रॅक्टरमध्ये जाऊन बसले.