विलायतेपर्यंत टाकलेला शब्द

आमच्या गावात कुणाचंही काम शब्द टाकल्याशिवाय होत नाही. कॉलेजातला प्रवेश असो, सरकारी दवाखान्यातली खाट असो, नाहीतर लग्नाच्या हॉलची तारीख असो. कागदपत्रं काय लागतील हे नंतर. आधी घरात चर्चा होते ती शब्द कोण टाकणार याची. शब्द टाकणारा फार मोठा माणूस असावा लागतो असंही नाही. त्याचं त्या ठिकाणी जाणंयेणं असलं की पुरे. मी खेडजवळ, लोट्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या रंगाच्या कारखान्यात, लॅबमध्ये लागले ती बाबांच्या शब्दावर. बाबा जहाजावर खलाशी होते आणि कंपनीच्या बसगाड्यांचा जो ठेकेदार होता त्याचा मोठा भाऊ एकेकाळी त्यांच्याच बोटीवर होता. एवढ्या धाग्याला धरून मी आत गेले. मला बी.एस्सी.ला चांगले मार्क होते, पण ते आजही आमच्या घरात कुणाला आठवत नाहीत.

माझ्या थोरल्या भावासाठीही बाबांनी त्याच ठेकेदाराकडे शब्द टाकला होता. तेव्हा तो म्हणाला होता, "बघतो." आता या 'बघतो'चे आमच्याकडे दोन अर्थ आहेत. परका म्हणाला तर ते 'नाही' असतं, फक्त समोरच्याचा मान राखून म्हटलेलं. घरचा म्हणाला तर ते काम झालंच असं धरून चालायचं. ठेकेदार परका होता. भाई कितीतरी सकाळी लोट्याच्या गेटबाहेर उभा राहून परत आला आणि शेवटी उभं राहायचं त्याने सोडून दिलं.

पुढे त्याचं लग्न विलायतेतल्या एका कोकणी घरात ठरलं. भाभीचे आजोबा कधीतरी तिथल्या कापडगिरणीत कामाला गेलेले, मग सगळं खटलंच तिकडचं झालं. भाई गेला आणि तिथल्या रंगाच्या एका जुन्या कारखान्यात लागला. कापडाला, प्लॅस्टिकला लागणारे रंग. म्हणजे मी लोट्याला रंगाची पूड तपासत होते आणि भाई तिकडे रंगाची पूड बनवत होता. आम्ही फोनवर बोलायला लागलो की भाभी आणि अम्मा दोघीही कंटाळून उठून जात. पिवळ्यात हिरवी झाक का येते, यावर भावाबहिणीने किती वेळ बोलावं!

तर एके दिवशी दुपारी आमच्या कँटीनमध्ये पेढे वाटले. आमच्या कंपनीने विलायतेतली एक डबघाईला आलेली कंपनी विकत घेतली होती. प्लांट मॅनेजर खुर्चीवर चढून बोलले. ज्यांनी आपल्यावर राज्य केलं त्यांच्या कारखान्यावर आता आपला झेंडा, वगैरे. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. मग त्यांनी त्या कारखान्याचं नाव वाचलं. तो भाईचा कारखाना होता.

संध्याकाळी बसमधून उतरेपर्यंत बातमी गावात माझ्या आधी पोचली होती. मशिदीच्या ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्यांनी मला हाक मारून थांबवलं. एरवी ते माझ्याशी बोलत नाहीत. मी कारखान्यात पाळीवर कामाला जाते याचंच त्यांना वावडं. पण त्या दिवशी एक चाचा उठून उभे राहिले.

"जल्ला, आता गोरा आपल्या पोराला सलाम ठोकणार काय गो?"

"चाचा, कंपनी शेठची. आपली कुठून आली?"

"शेठ आपलाच ना? मग झाली की आपली."

घरी अम्माने तर निकालच लावून टाकला होता. तिच्या हिशोबात भाई आता शेठच्या घरचा माणूस झाला होता, कारण मी शेठच्या घरची होतेच. शेठला मी आयुष्यात एकदा पाहिलं होतं, नव्या प्लांटच्या पूजेला, आणि तेही गळ्यातल्या हारांमुळे नाकापासून वर. हे मी अम्माला सांगितलं. ती म्हणाली, बघितलास ना? मग ओळख काय वेगळी असते?

पहिले काही आठवडे भाईही खुशीत होता. तो सांगायचा आणि आम्ही हसायचो. त्याच्या शेजारी बॉयलरवर काम करणाऱ्या एका गोऱ्याने इतक्या वर्षांत त्याचं नाव कधी धड उच्चारलं नव्हतं. तो आता अगदी नीट उच्चारत होता. चहा आणून देत होता. सगळे भाईला विचारत होते, हे तुमचे लोक कसे आहेत? माणसं काढतात का? शेवटी एकाने त्याला बाजूला घेऊन हळूच म्हटलं की तुमची त्यांच्यात ओळख असेल तर माझ्याबद्दल जरा बोलून ठेवा.

"म्हंजे शब्द टाक म्हणाला गो तो!" भाई हसता हसता म्हणाला. "मना वाटायचा हे नुसता आपल्या खेडात चालता."

"मग तू काय म्हणालास?"

"काय म्हणणार? बघतो म्हणालो."

मलाही हसू आलं. पण त्याने त्यांना आणखी एक सांगून टाकलं होतं, की आमच्याकडे मालक माणसं काढत नाहीत, घरच्यासारखं ठेवतात. लोट्यात दर पावसाळ्याआधी ठेक्यावरची किती माणसं घरी बसतात ते मला माहीत होतं. त्याला माहीत नव्हतं, कारण तो गेटच्या आत कधी आलाच नाही.

मग फोनवरचा त्याचा आवाज बदलत गेला. तिकडे मुंबईहून साहेब आले. ते माणसांशी बोलले नाहीत, यंत्रांचे फोटो काढत फिरले. रंगांच्या जुन्या कृती पेट्यांत भरल्या गेल्या. कच्चा माल यायचा बंद झाला. एका संध्याकाळी भाईने फोन केला तो थेट मलाच, आणि अम्माला देऊ नको म्हणाला.

"तू तिथेच हायस ना. शब्द टाक माझ्यासाठी. पोरांच्या शाळा हायत, घर हाय. या वयात मना दुसरा कोण घेणार?"

एका लॅबवालीचा शब्द लोट्याहून निघून मुंबईवरून विलायतेला पोचेल, हे त्यालाही खरं वाटत नव्हतं. पण बुडणारा माणूस काडीला धरत असला तर ती सोड असं आपण त्याला सांगत नाही. खिडकीबाहेर खाडीकडे बघत मी म्हटलं, "बघते."

आणि मी खरंच बघितलं. अम्माला मी एवढंच सांगितलं की भाईसाठी आमच्या मॅनेजरसाहेबांकडे शब्द टाकायचाय, तर तिने त्यांना द्यायला सोड्यांची पिशवी बांधून दिली, निवडून घेतलेल्या कोळंबीचे, घरी सुकवलेले. आमचे साहेब कांदासुद्धा खात नाहीत. ती पिशवी मी लॅबच्या कपाटात ठेवली आणि सही घ्यायच्या निमित्ताने त्यांच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, सर, तिकडच्या कारखान्यात माझा सख्खा भाऊ आहे. साहेब तसे वाईट नव्हते. त्यांनी पेन खाली ठेवलं, मला बसायला सांगितलं.

"अहो मॅडम, ते सगळं मुंबई ऑफिस बघतं. मला विचारून घेतली का कंपनी? आपल्या कँटीनचा ठेकेदार बदलला तेसुद्धा मला आमटीच्या चवीवरून कळलं." मग माझ्या तोंडाकडे बघून त्यांनाच वाईट वाटलं असावं. "बरं, बघतो मी."

सोड्यांची पिशवी मी परत आणली नाही. लॅबमधल्या मैत्रिणींना वाटून टाकली. अम्मा विचारत राहिली, साहेबांना आवडले काय?

कारखाना बंद झाला. शेठला तिकडचं काय हवं होतं ते तेव्हा आम्हाला उमगलं. त्या कंपनीचं नाव हवं होतं, तिची गिऱ्हाइकं हवी होती, रंगांच्या कृती हव्या होत्या, आणि बुडता बुडता कर्ज काढून तिने बसवलेला, रंगाची पूड सुकवायचा एक नवा ड्रायर हवा होता. बाकीचा कारखाना आणि माणसं सौद्यात आपसूक आली होती, बाजारात मासळीचा वाटा घेतला की मोठ्या माशासोबत बारीक येतात तशी. भाई सांगायचा, कारखान्याच्या जागेवर घरं बांधणार आहेत. तिथल्या पोरांना आता गोदामात खोकी भरायचं काम मिळतं. "हिते आता कोण काय बनवतच नाय गो. नुसता इकडचा तिकडे उचलून ठेवतात." मला राग यायचा आणि तो कुणावर काढावा ते कळायचं नाही. शेठवर काढावा तर त्याच्याच पगारावर मी जेवत होते.

आणि मग फोन आला की भाई येतोय. तो ड्रायर उतरवून, पेट्यांत भरून लोट्याला पाठवला होता आणि तो इथे जोडून, चालवून दाखवायला माणूस हवा होता. कंपनीने भाईला निवडलं. भाषेचा प्रश्न नाही, राहायचा खर्च नाही. दोन महिन्यांचं काम. त्यानंतर त्याचा आणि कंपनीचा संबंध संपला.

अम्माने माझी दृष्ट काढली.

"लागला गो तुझा शब्द! माझा पोर घरी आला."

मी तिला सांगितलं, अम्मा, माझा यात काडीचा संबंध नाही, त्याची नोकरी गेली आहे म्हणून तो येतोय. तिने माझ्या गालावरून हात फिरवला. तिला वाटलं, मी मोठेपणा घेत नाहीये. ओट्यावरचे चाचा तर मला येताजाता सलाम करू लागले. त्यांच्या नातवाचा बायोडाटा माझ्या पर्समध्ये येऊन पडला.

ज्या गेटबाहेर भाई उभा राहायचा त्याच गेटमधून तो कंपनीच्या गाडीत बसून आत आला. वॉचमनने सलाम ठोकला. त्याच्या गळ्यातल्या कार्डावर 'फॉरेन एक्स्पर्ट' असं छापलं होतं. मॅनेजरसाहेबांनी त्याच्यासाठी खुर्ची ओढली. बाबा हयात असायला हवे होते असं मला फार वाटलं, आणि लगेच वाटलं, नव्हते तेच बरं.

आमच्या लॅबचं काम सांगायला हवं. प्रत्येक बॅचचं सॅम्पल बाटलीतून आमच्याकडे यायचं. आम्ही ते पाण्यात विरघळवायचो, त्यात कापडाची पट्टी बुडवायचो, सुकवायचो, आणि दिव्याखाली जुन्या पट्टीशेजारी धरून डोळ्यांनी पारखायचो. झाक जुळली की सही. मी 'चालेल' म्हटल्याशिवाय पिंप हलत नसे. एवढाच काय तो माझ्या शब्दाचा दरारा.

भाईच्या ड्रायरला काचेचा एक डोळा होता. आत पूड फिरत असताना तो डोळाच तिची झाक बघायचा, ओल मोजायचा आणि पडद्यावर आकडे लावायचा. भाई साहेबांना ते दाखवत होता आणि मी माझी बाटली घेऊन मागे उभी होते, सवयीने.

"मग सॅम्पल कधी काढायचं?" साहेबांनी विचारलं.

"काढायची गरज नाही, सर."

"आणि तिकडे लॅबमध्ये किती माणसं होती?"

भाईने मागे वळून पाहिलं. त्याला मी दिसले. माझ्या हातातली बाटलीही दिसली. पण प्रश्न सरळ होता आणि उत्तर त्याच्या तोंडात तयार होतं.

"एक," तो म्हणाला. "तोही नंतर नव्हता."

साहेबांनी मान डोलावली. लॅबमध्ये जाऊन मी बाटली रॅकवर ठेवली. मैत्रिणींनी विचारलं, यंत्र कसं आहे? मी म्हटलं, चांगलं आहे. चांगलंच होतं ते. माझ्या डोळ्यांपेक्षा चांगलं होतं, यात वाद नव्हता, आणि म्हणूनच भांडायला काही जागा नव्हती.

भाईच्या जाण्याच्या आदल्या दिवशी सुट्टी होती. अम्माने सकाळपासून सांदणं वाफवली होती. पडवीत आम्ही दोघं चहा घेत बसलो होतो. लॅबमधल्या दोघींना त्याच आठवड्यात साहेबांनी बोलावून घेतलं होतं. पुढचा नंबर माझा हे सांगायला कुणी ज्योतिषी नको होता. मग आमच्या गावात जे सगळे करतात तेच मी केलं.

"भाई, साहेब तुझं ऐकतात. आम्हा लॅबवाल्यांसाठी शब्द टाक ना. सांग, यंत्रावर नजर ठेवायला माणूस लागतो म्हणून."

"ऐकतात कुठे गो? मना इचारतात फकस्त."

"तरी टाकून तर बघ."

त्याने कप खाली ठेवला. तिकडे आता तो टॅक्सीचं लायसन्स काढणार होता, हे त्याने मला एकटीलाच सांगितलं होतं. तो खाडीकडे बघत राहिला. भरती लागली होती आणि समोरची होडी दोरीला ताण देत वळत होती.

"बघतो," तो म्हणाला.

अम्मा सांदणांचं ताट घेऊन बाहेर आली. तिने तेवढंच ऐकलं होतं.

"बघतो म्हणाला ना भाई? मग झाला तर. खा आता गरम गरम."

भाईने माझ्याकडे पाहिलं नाही. मी त्याला 'बघते' म्हटलं तेव्हा मीही खाडीकडेच बघत होते. मी ताटातलं एक सांदण उचललं आणि अम्मा समोर उभी होती म्हणून खाल्लं.