अण्णांचं कढत पाणी

माझं माहेर चामराजपेटचं. तिथे कावेरीचं मऊ पाणी, साबणाचा फेस धुता धुता दमायला व्हायचं. लग्न होऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला एचएसआर लेआउटला आले तर इथे सगळा कारभार बोअरचा आणि टँकरचा. नळांच्या तोंडाला पांढरे थर, बादलीला आतून खडू फासल्यासारखं. या पाण्याशी मी वर्षानुवर्षं भांडत आले आहे आणि बहुतेक वेळा हरले आहे. पण या थंडीतलं भांडण हरून चालणार नव्हतं, कारण त्यात अण्णांची आंघोळ पणाला लागली होती.

अण्णा म्हणजे माझे वडील. जन्मभर चामराजपेटमध्ये शिंप्याचं दुकान चालवलं. दोन वर्षांपूर्वी उजव्या अंगावरून वारं गेलं आणि मी त्यांना माझ्याकडे आणलं. तेव्हापासून उजवा हात मांडीवर पडून असतो. शर्टाची बटणं मी लावते, जेवताना पोळी कुस्करून देते, त्याला त्यांची ना नाही. आंघोळ मात्र स्वतःची स्वतः. वाकून बादलीतून तांब्या भरणं जमत नाही, म्हणून त्यांच्या वेगळ्या बाथरूममध्ये शॉवरखाली स्टूल ठेवलं आहे. त्यावर बसायचं, डाव्या हातानं गरम-गार पाण्याच्या मिक्सरचा दांडा फिरवायचा. दिवसातली तेवढीच वीस मिनिटं त्यांना कुणाचा हात लागत नाही.

या थंडीत त्या वीस मिनिटांचा पाऊण तास व्हायला लागला. बाहेर येत तेव्हा अंग थरथरत असे. नवरा म्हणाला, "आता त्यांना झेपत नाही. आत पडले म्हणजे?" त्यानं चौकशी करून माणूस ठरवला, सोमवारपासून आंघोळ घालायला. अण्णांनी ऐकलं आणि पेपरचं पान उलटलं. त्या दिवशी त्यांनी दुसरी पोळी घेतली नाही. नवऱ्याचं म्हणणं मला पटत होतं आणि पटतंय याचाच राग येत होता.

शनिवारी दुपारी मी अंगावरच्या कपड्यांसकट त्या स्टुलावर जाऊन बसले आणि शॉवर सोडला. अर्धी भोकं बुजलेली. उरलेल्यांतून एक धार भिंतीवर, एक दारावर, एक थेट माझ्या डोळ्यात. झेपत नाहीय ते माणसाला की शॉवरला, हे आधी बघायचं, असं मी ठरवलं.

माहेरी आंघोळीच्या पाण्याचा तांब्याचा हंडा होता, तो आम्ही दर शनिवारी चिंचेनं घासायचो. दुसरं काही सुचेना, म्हणून शॉवरची चकती काढून चिंचेच्या कोळात बुडवून ठेवली. दोन तासांनी थर भुसभुशीत झाला. अण्णा हे सगळं खुर्चीतून बघत होते.

"माझा सुयांचा डबा आण," ते म्हणाले. "जाड नको, बारीक सुई दे."

चकती मांडीवर घेतली, उजवा हात उचलून तिच्यावर वजनासारखा ठेवला आणि डाव्या हातानं एकेक भोक मोकळं करत बसले. मी मध्ये बोलायला गेले तर "स्वल्प थांब," म्हणाले. दुकानात काज करताना असेच म्हणायचे.

चकती परत बसवली. गार पाणी सगळ्या भोकांतून सरळ आलं. मग दांडा गरमकडे फिरवला, तर सुतळीएवढी धार, तीही अडखळत. मी ओल्या पायांनी तशीच उभी राहिले. गरम पाणी एवढंच येत होतं, तर हा माणूस रोज आंघोळ कशी करत होता?

"अण्णा, तुम्ही गार पाण्यानं आंघोळ करत होता?"

ते सुईकडे बघत राहिले. "महिना झाला असेल. मधे मधे जरा कोमट येतं. त्याची वाट बघत बसायचं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर म्हाताऱ्याला नळसुद्धा फिरवता येत नाही असं झालं असतं. मग माणूस आलाच असता."

"आता तरी तो कुठे चुकलाय?"

"सरी," अण्णा म्हणाले. सरी म्हणजे बरं; गिऱ्हाइकानं माप चुकल्याचं सांगितलं की म्हणायचे, अगदी तसं.

मला रडू आलं, आणि रडू आलं की मला राग येतो. त्या रागात मी प्लंबरला चारदा फोन केला. तो रविवारी सकाळी आला, गीझरकडे बघून म्हणाला, "अक्का, हे काढून नवीन बसवा. सगळे तेच करतात."

"सगळ्यांचं राहू दे. तुम्ही हे उघडा."

"स्वल्प कटकटीचं काम आहे."

"असू दे. मी इथेच उभी आहे."

त्यानं वीज बंद केली, पाणी काढून टाकलं आणि गरम पाण्याची नळी सोडवली. आतून ती इतकी भरली होती की पेन्सिलचं शिससुद्धा जेमतेम गेलं असतं. गीझरची खालची चकती उघडल्यावर बादलीत अंड्याच्या कवचासारखे तुकडे पडले. कॉइलवर तर भज्याला पीठ असतं तसं जाड आवरण. ती लिंबाच्या सत्त्वाच्या पाण्यात फसफसत ठेवून तो चहा प्यायला बसला, तेवढ्यात त्याचं लक्ष गीझरच्या तापमानाच्या बटणाकडे गेलं.

"हे एवढं टोकाला कुणी फिरवलं? बोअरचं पाणी जितकं कढवाल तितका हा थर धरणार."

मीच फिरवलं होतं. माहेरी लाकडं घालून हंड्यात पाणी कढायचं आणि "वाफ दिसली नाही तर आंघोळ कसली," हे अण्णांचं वाक्य ठरलेलं. इथे आल्यावर पहिल्या दिवशी आंघोळ करून आले तेव्हा त्यांचा उतरलेला चेहरा मी बघितला. दुसऱ्या दिवशी मी बटण टोकाला नेलं आणि पहाटेपासून गीझर चालू ठेवायला लागले. त्या कढत पाण्यात ते अर्धं गार मिसळत, हे दोन वर्षं माझ्या डोक्यात आलं नाही. चामराजपेटचा हंडा मी एचएसआरच्या गीझरमध्ये बसवायला गेले होते, आणि माझा तो लाड नळीत दगड होऊन बसला होता. बादलीतले ते तुकडे मी कितीतरी वेळ हातात धरून होते.

बटण खाली आणलं. "अण्णा, आता वाफ दिसणार नाही."

"गरम असेल ना?"

"गरम असेल."

"मग झालं."

माणूस नको म्हणून कळवू या, असं मी नवऱ्याला म्हटलं. तो म्हणाला, उद्याची आंघोळ तर होऊ दे. त्याचंही चूक नव्हतं.

सोमवारी सात वाजता तो माणूस आला, भांग पाडून, हातात पिशवी घेऊन. नवऱ्यानं त्याला बसवलं. बाथरूमचं दार आतून बंद होतं आणि शॉवरचा आवाज एकसारखा येत होता. आम्ही तिघंही तो ऐकत होतो. नवऱ्यानं घड्याळ बघितलं. मी तर त्यावरून नजर काढलीच नव्हती. अठराव्या मिनिटाला पाणी बंद झालं.

अण्णा पंचा गुंडाळून भिंतीला धरत बाहेर आले. कान लाल झाले होते, अंग थरथरत नव्हतं. त्यांनी त्या माणसाकडे नीट बघितलं.

"माझी झाली आंघोळ," ते म्हणाले. "तुम्ही चहा घेऊन जा."

तो चहा घेऊन गेला. नवऱ्यानं स्वतःच त्याला दारापर्यंत सोडलं आणि उद्या येऊ नका म्हणून सांगितलं. अण्णांनी डावी बाही चढवून शर्ट माझ्यापुढे धरला. मी बटणं लावायला लागले.

"शनिवारी चिंच भिजव," ते म्हणाले. "सुई माझ्याकडे आहे."