वाळवी बघायला गेल्यावर

आमच्या धंद्यात किस्से शोधावे लागत नाहीत. लोक घरात घेतात, चहा देतात आणि पलंगाखाली वाकायला सांगतात. पुढचं आपोआप होतं.

मी बी.एस्सी. झूऑलॉजी. कर्जतच्या पेस्ट कंट्रोलच्या ऑफिसात पहिल्या दिवशी मालक मोरेदादांनी माझ्या तळहातावर बारीक दाणे ओतले. "काय आहे?"

मी हुंगून म्हटलं, "खसखस?"

"वाळवीची विष्ठा. सुक्या लाकडातली वाळवी ती भोकातून बाहेर ढकलते."

मी हात झटकला. दाणे त्यांच्या चहात.

"तीन महिने बघू," दादा म्हणाले आणि दुसरा चहा मागवला.

पळसदरीच्या एका बंगल्यात मी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने चौकट ठोकून बघत होते. पोकळ आवाज आला की आत वाळवी. तेवढ्यात आतून उत्तर आलं. टिक टिक टिक. धोका वाटला की वाळवीतले सैनिक लाकडावर डोकं आपटतात, हे मला पाठ होतं. तरी तोंडातून निघालं, "सॉरी."

दादा म्हणाले, "मॅडम, आत कोणी कपडे बदलत नाहीये."

खालापूरच्या एका रिटायर्ड गुरुजींनी शोकेसखाली पडणारे दाणे रोज झाडून बाटलीत भरले होते. बाटलीवर लेबल. वर्षभर.

"गुरुजी, आधी फोन का नाही केलात?"

"म्हटलं, बाटली भरू दे."

ही वाळवी मातीतून येत नाही, लाकडातच राहते. म्हणून लाकडाला बारीक भोकं पाडून सिरिंजने औषध सोडायचं. एकदा मी सुई दाराला टोचली आणि डोळे माझेच मिटले. घरातल्या आजींनी माझा हात धरला. "घाबरू नको गं पोरी. एका मिन्टात व्हतंय."

तीन महिने संपत आले, तेव्हा दादांनी मला कशेळ्याला एकटीला पाठवलं. "फॉर्मवर सह्या आण. आणल्यास तर नोकरी पक्की. नाही तर बघ बाई दुसरं काही."

घरात सासूबाई, सून आणि मुद्दाम बोलावून घेतलेली सुनेची आई.

"आमच्या घरात कदी किडा नव्हता," सासूबाई म्हणाल्या. "ह्या विहीणबाईंनी लग्नात पलंग दिला, त्यातनं आली."

"पलंग सागवानी हाय आमचा," आई म्हणाली. "तुमच्या वाशातनं उतरली."

मी पलंग ठोकला. पोकळ. वासा ठोकला. तोही पोकळ.

फॉर्ममध्ये रकाना होता: 'प्रादुर्भाव कुठून सुरू झाला?' खाली दोन सह्या. ग्राहक म्हणून सासूबाईंची, साक्षीदार म्हणून आईची.

"पलंग लिवलंत तर मी सही करनार नाय," आई म्हणाली.

"वासा लिवलात तर मी नाय," सासूबाई म्हणाल्या.

मी रकान्यावर पेन टेकवलं, उचललं, परत टेकवलं. इतका वेळ भिंतीला टेकून उभ्या असलेल्या सुनेने ते माझ्या हातातून काढून घेतलं आणि रकान्यात स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'लग्नापासून.'

दोघींनी वाचलं. दोघींनी सह्या केल्या.