बांधून ठेवलेला वणवा

आमच्या पुण्याच्या साप्ताहिकाच्या छापखान्यात मोठ्या टाइपातला 'वणवा' हा शब्द कायम दोऱ्याने बांधून तयार असे. बाकीचे मथळे छापून झाले की त्यांचे शिशाचे खिळे सुटे होऊन आपापल्या खणांत परत जात. हा मात्र कधी सुटतच नसे. मुंबईत गिरण्या बंद पडल्या, संपाचा वणवा. तांदूळ महागला, भाववाढीचा वणवा. दोन पुढाऱ्यांची जुंपली, तरी वणवाच. "वाचणाऱ्याला चटका बसला पाहिजे," असं संपादक म्हणत. मी लोणावळ्यात शाळामास्तर आणि फावल्या वेळात त्यांचा मावळचा बातमीदार. थंडी सरली की समोरचे डोंगर खरोखर पेटताना मी दरवर्षी बघायचो. त्यामुळे असला मथळा दिसला की माझं डोकं फिरायचं.

त्या चैत्रात मळवलीपुढे, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका वाडीत आग उतरली. माणसं ओल्या फांद्यांनी झोडपून झोडपून थकली. घरं वाचली, पण पावसाळ्यापर्यंत पुरवायच्या गवताच्या गंज्या गेल्या. बैलच जगले नाहीत तर खाचरात चिखलणी कशाने करायची आणि भात कसा लावायचा? मी लगोलग बातमी धाडली आणि शेवटी गवताची मदत मागितली.

अंक आला. पहिल्या पानावर 'निवडणुकीचा वणवा', आत 'भाववाढीचा वणवा', आणि एका कोपऱ्यात माझी बातमी, 'मावळात वणवा'. वाडीला एक पेंढीही आली नाही. पुण्याचा माझा मेहुणा तो अंक घेणारा, म्हणून त्याला विचारलं. "मथळा पाहिला आणि पान उलटलं," तो म्हणाला, "तुमचं रोजचंच आहे ते." मला त्याचा राग आला नाही, कारण त्याच्या जागी मीही तेच केलं असतं.

रविवारी वाडीत गेलो. तिथल्या एका विधवा बाईचा एकच बैल होता; शेजाऱ्याच्या बैलाशी जोडी लावून दोघं आपापली खाचरं करून घेत. तो बैल गंजी जळाली त्या जागी उभा होता आणि राखेत तोंड घालून हुंगत होता.

"सोडला की हितंच येतुया," बाई म्हणाली. "मास्तर, लोकं गवत धाडतील का वो?"

"धाडतील, मावशी. मी धाडायला लावतो."

शाळेतून रजा काढून मी पुणे गाठलं. बातमी नव्याने लिहून नेली होती: ती बाई, तो बैल, ती राख आणि गवत कुठे पोचवायचं तो पत्ता. मथळा दिला, 'बैलाला गवत हवे आहे'.

"हा काय मथळा झाला? जाहिरात वाटते," संपादक म्हणाले.

"जाहिरातच समजा. पण तो बांधलेला वणवा माझ्या बातमीवर चढला, तर मावळला दुसरा बातमीदार बघा."

ते कुरकुरले, मग त्यांनी चहा मागवला. मी मात्र छापखान्यातल्या स्टुलावर बसलो तो माझ्या बातमीचं तपासायचं मुद्रित हातात पडेपर्यंत हललो नाही.

आणि गवत आलं! तळेगावहून गाड्या आल्या, पुण्याहून मळवली स्टेशनात भारे उतरले. एका भाऱ्याला चिठ्ठी होती, 'राखेपाशी उभ्या राहणाऱ्या बैलासाठी'. ती खिशात घालून मी पहिल्याच बैलगाडीत चढलो. इतका आनंद मला स्वतःचं नाव छापून आल्यावरही झाला नव्हता.

बाईच्या गोठ्यात दावं नुसतंच पडलं होतं. बैल परवाच उपासाने गेला होता. मी खिशातली चिठ्ठी बाहेर काढली. एक अंक, फक्त एक अंक आधी लोकांनी ती बातमी वाचली असती तर! संताप असा आला की तो बांधलेला शब्द उचलून इंद्रायणीत फेकावा. मी गाडीवानाला शेजाऱ्याकडे वळायला सांगितलं.

"थांबा," बाई म्हणाली. "त्या चिठ्ठीत काय लिवलंय?"

मी वाचून दाखवलं. तिने पदर खोचला.

"उतरवा हितंच. त्याच्या नावानं आलंय, त्याच्याच दारात उतरंल. हितनं समद्यांच्या बैलांना मी वाटीन. आन माझ्या खाचराला भावाकडनं बैल मागून आनते. जमीन पडीक न्हाई ठिवायची."

पहिला भारा तिने स्वतःच्या डोक्यावर घेतला आणि शेजाऱ्याच्या गोठ्याकडे चालू लागली.