माझ्या जातीचा पुरावा

महाराच्या घरात जन्मलेल्याला आपली जात सिद्ध करावी लागेल, असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पोलादपुरात आम्ही दहा पावलांवर असतानाच लोकांना ती कळायची.

मी मॅट्रिक झालो त्या वर्षी मुंबईच्या एका कॉलेजाने अस्पृश्य विद्यार्थ्यासाठी एक जागा ठेवली, फीमाफीसकट. अट एकच, महाडच्या कचेरीतून जातीचा दाखला आणायचा, तोही आठ दिवसांत. जागा हुकली तर गोदीत हमाली ठरलेलीच होती. थोरला भाऊ तिथे माझी वाटच बघत होता.

महाडला चालत गेलो. अंगात मास्तरांनी दिलेला कोट, डोक्यावर काळी टोपी आणि तोंडात शाळेत घोटलेली पुणेरी भाषा. तिथेच घात झाला. कारकुनाने मला बघताच खुर्ची दिली, "या, आपण कुठले?" म्हणाला आणि स्वतःच्या तांब्यातलं पाणी पुढे केलं. मे महिन्याचं ऊन होतं. खोटं कशाला बोलू, पोटभर प्यालो. मग अर्ज ठेवला.

त्याने तो दोनदा वाचला. मग तांब्याकडे बघितलं. शेजारचे कारकून माना वर करून बसले होते. बिचाऱ्याची पंचाईत अशी, की मला महार म्हणावं तर भर कचेरीत तो बाटला.

"छे, आपण त्यातले दिसत नाही," तो म्हणाला. "फीच्या लोभाने हल्ली लोक काहीही होतात. पुरावा आणा. वडील आहेत ना?"

जी जात जन्मभर अंगाला चिकटली, ती गरजेच्या दिवशी कुणी मान्यच करेना. मला हसू येत होतं आणि त्याची मानगूट धरावीशीही वाटत होती.

दुसऱ्या दिवशी वडिलांना घेऊन गेलो. ते पलटणीतले पेन्शनर हवालदार. अंगणात ताठ उभे राहिले आणि कडक सलाम ठोकला.

"सलाम कुणीही ठोकतो," कारकून ओट्यावरून म्हणाला. "जातीचं काय?"

त्याला महाराने जमिनीपर्यंत वाकून घालायचा जोहार हवा होता. चवदार तळ्याच्या सभेपासून वडिलांनी जोहार सोडला होता, आणि ते साऱ्या तालुक्याला ठाऊक होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग वाकले, हात जमिनीला लावला.

"जोहार, मायबाप."

दाखला तिथल्या तिथे झाला आणि ओट्यावरून खाली टाकला गेला. कारकुनाने सोबत्यांना हिशेबही समजावला, की पाणी दिलं काल, जात ठरली आज, तेव्हा विटाळाचा प्रश्नच येत नाही. असल्या डोक्याचा माणूस खरं तर कॉलेजात हवा होता.

परतताना वडिलांनी दाखला हातात घेऊन उलटसुलट बघितला.

"ह्यो कागुद एकदाच लागतो नाय रे?" त्यांनी विचारलं.

दाखला दरसाल नवा लागेल, असं अर्जावर छापलेलं होतं. वडिलांना इंग्रजी येत नव्हतं.

"एकदाच, बा," मी म्हणालो.

पुढल्या मे महिन्यात एकटाच गेलो. कारकुनाने मला ओळखलं, तरी पुरावा मागितलाच. मी अंगणात उतरलो आणि वाकलो.