गुरुवारची लाईट

कुरुळीच्या भैरूला जळायला फार मोठं कारण लागत नसे. शेजारच्या तानुबाईच्या दारचा शेवगा जरा जास्त लगडला, तरी याचं तोंड उतरायचं. पण ते आपलं वरवरचं, चहा पिऊन होईस्तोवर विसरून जायचं. पोटात दुखणं म्हणजे खरं काय, ते त्याला वयाच्या चौतिसाव्या वर्षी समजलं. ज्याच्यामुळं समजलं तो माणूस त्याचा सख्खा मेहुणा. मिहिर. निगडी प्राधिकरणातला.

भैरू वाईट माणूस नव्हता हो. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही त्याला शिव्या घालाल. बाप गेनबा गेला तेव्हा हा एकोणीस वर्षांचा, आयटीआयला इलेक्ट्रिशियनच्या शेवटच्या वर्षाला, आणि धाकटी सृष्टी आठ वर्षांची. तेव्हापासून घर यानं ओढलं. चाकणच्या एका कंपनीत मेंटेनन्सला लागला, तो अजून कंत्राटीच. पंधरा वर्षांत कंत्राटदार बदलले, सुपरवायझर बदलले, भैरू तिथंच. लाईनवरचं मशीन अडलं, साहेबाचा कॉम्प्युटर निळा पडला, की एकच हाक, ‘अरे भैरूला बोलवा!’ मग चांगले शिकलेले साहेब खुर्ची सोडून बाजूला उभे राहायचे. पण तोच भैरू मुलगी बघायला गेला की पहिला प्रश्न, ‘परमनंट आहे का?’ चार घरी चहा प्याला बिचारा. चारही घरांतून पुन्हा निरोप म्हणून आला नाही.

एका माणसाला मात्र तो परमनंट आहे की नाही याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. ती म्हणजे सृष्टी. काही अडलं की ‘दादा!’ आकुर्डीच्या कॉलेजात गेली तेव्हा यानं तिला लॅपटॉप घेऊन दिला. सेकंडहँड होता, पण भैरूनं त्याची अशी काही सेवा केली की विचारू नका. कीबोर्ड बदलला, मेमरी वाढवली, बिजागरी मोडली तर कंपनीतला स्क्रू घासूनपुसून बसवला. दर पंधरा दिवसांनी गुरुवारी, म्हणजे चाकणच्या सुट्टीच्या वारी, तो तिच्या सगळ्या फायली आपल्या हार्डडिस्कवर उतरवून घ्यायचा. सृष्टीला कधी सांगावंही लागलं नाही.

आणि मग हा मिहिर आला. माण गावच्या आयटी पार्कात नोकरीला. सृष्टीनं स्वतः पसंत केलेला. भैरूनं त्याच्यात खोट शोधायची शिकस्त केली. पितो का? नाही. उर्मट आहे का? छे, ‘दादा, दादा’ करत पाया पडतो. जेवताना पानात टाकतो का? तेही नाही. खोड काढायला जागाच ठेवली नव्हती त्या माणसानं, आणि भैरूला त्याचाच सगळ्यात जास्त राग होता. त्यात आई, गवराबाई, उठता बसता सुरू. “आमचं जावईबापू लाखात एक बगा!” लाखात एक! आणि पंधरा वर्षं तुला मीठभाकरी घालणारा कितव्या नंबरावर गं, असं भैरूच्या ओठांवर यायचं. तो तसाच उठून गोठ्याकडं जायचा.

लग्नाला तीन महिने झाले आणि गवराबाईनं लेक-जावयाला जेवायला बोलावलं. वार अर्थातच गुरुवार, भैरूला सुट्टी म्हणून. गुरुवारी मटण चालत नाही, तेव्हा पुरणपोळी. मिहिरनं खास रजा काढली. दोघं नऊ वाजताच हजर. सृष्टीच्या खांद्याला लॅपटॉपची बॅग होती.

तिचं एम.एस.डब्ल्यू.चं शेवटचं वर्ष. चाकण-भोसरीच्या कंपन्यांत काम करणाऱ्या बावन्न बायकांच्या मुलाखती घेऊन तिनं प्रबंध लिहिला होता, आणि तो सोमवारी द्यायचा होता. कॉलेजनं तपासणीचं जे सॉफ्टवेअर दिलं, ते तिच्या जुन्या विंडोजवर चालेना. बाकी सगळं तयार, पण तेवढ्यावर गाडं अडलेलं.

“मिहिर, तू बघ ना रे,” सृष्टी म्हणाली.

भैरू समोरच्या खाटेवर बसला होता. हातभर अंतरावर! सहा वर्षं ज्या लॅपटॉपसाठी ‘दादा’ अशी हाक यायची, त्याच्यासाठी आज ‘मिहिर’. त्याच्या छातीत कळ आली. थट्टा नाही, खरंच आली.

“नवीन विंडोज टाकून देतो. फायलींना धक्का लागत नाही, आहे त्यावरच अपग्रेड होतं,” मिहिर म्हणाला. “बॅकअप आहे ना?”

“दादाकडे असतो सगळा.” सृष्टीनं दादाकडं बघितलं. दादानं सवयीनं मान हलवली.

“आणि याची बॅटरी?”

“ती कधीच मेलीये. पिन काढली की बंद.”

मिहिरनं मान वाकडी करून पडवीत बघितलं. तिथं कोपऱ्यात इन्व्हर्टर गुरगुरत होता. “इन्व्हर्टर आहे ना, मग काही प्रश्न नाही.”

“हाय की!” गवराबाई आतून ओरडली. “लाईट गेल्याली कळत बी न्हाई आमाला.”

आता ऐका. या पट्ट्यातल्या शेंबड्या पोराला विचारलंत तरी सांगेल, की कारखान्यांना सुट्टी म्हणून वीजवाले दुरुस्तीला गुरुवारच धरतात. त्या दिवशी तर सकाळीच गावच्या ग्रुपवर मेसेज आला होता, दहा ते चार लाईट बंद. भैरूनं तो वाचला होता. शिवाय त्या घरातला इन्व्हर्टर चालायचा फक्त पंखे आणि दिव्यांवर. प्लगच्या सॉकेटला त्याची लाईन दिलेलीच नव्हती. हे भैरूला चांगलं ठाऊक होतं, कारण ती वायरिंग त्यानं स्वतःच्या हातानं केली होती.

‘पाव्हणं, जरा थांबा, दुपारनंतर करा.’ बस, एवढंच बोलायचं होतं. पण भैरूनं तोंडात मिठाची गुळणी धरली. मनात म्हणाला, आयटीवाला आहे ना? लाखात एक आहे ना? बघू की! बिघडला तर शेवटी माझ्याकडंच येणार, आणि फायली तर माझ्या डिस्कवर आहेतच. त्यानं पेपर उघडला आणि पेपरच्या वरून घड्याळाकडं बघत बसला. पावणेदहा. दहाला पाच. लॅपटॉपच्या पडद्यावर आकडा सरकत होता. बेचाळीस टक्के. सत्तेचाळीस.

दहा वाजून चार मिनिटांनी लॅपटॉप पटकन काळा झाला. डोक्यावरचा पंखा आपला मजेत फिरत होता.

“अरे?” मिहिरनं पंख्याकडं बघितलं, लॅपटॉपकडं बघितलं, पिन हलवून पाहिली. “हे कसं काय?”

खोटं कशाला सांगू, भैरूला त्या घडीला गुदगुल्या झाल्या. त्यानं पेपरची घडी घातली आणि चेहरा साधा ठेवून म्हणाला, “लाईट गेली वाटतं.”

मिहिर खरंच घाबरला. त्यानं कंपनीचा चकचकीत लॅपटॉप काढला, मोबाईलवरून नेट जोडलं, कुठं कुठं वाचलं. सुरू करायला वेगळा पेनड्राईव्ह लागेल म्हणाला, आणि तो तयार करायला बसला तर त्याचा लॅपटॉप पेनड्राईव्हच घेईना. कंपनीनं बाहेरच्या पेनड्राईव्हला बंदी घातलेली. बिचाऱ्याचे कान लाल झाले. भैरू मजा बघत होता. बोलाव म्हणावं आता मला.

तेवढ्यात सृष्टी त्याच्याशेजारी येऊन बसली. “दादा, काही झालं तरी तुझ्याकडे कॉपी आहे ना? चतुराबाईंचं रेकॉर्डिंगपण आलंय ना त्यात?”

“कोण चतुराबाई?”

“अरे, प्रेस मशीनखाली बोटं गेली त्या. मागच्या महिन्यात केली ना मुलाखत. सगळ्यात महत्त्वाची तीच आहे. त्या आता कंपनी सोडून बीडला गेल्या, त्यांचा नंबरही लागत नाही.”

मागचा महिना. लग्नानंतर सृष्टी दोनदा लॅपटॉप घेऊन माहेरी आली होती, आणि दोन्ही वेळा त्यानं हात लावला नव्हता. रुसून. ‘घेऊ दे की आता तिच्या नवऱ्याला!’ मघाशी मान डोलावताना ते डोक्यातच आलं नाही. कपाटातून हार्डडिस्क काढून मिहिरच्या लॅपटॉपला लावावी, तर तो तीही घेणार नाही. पण लावून बघायची गरजच नव्हती. आत काय आहे ते त्याला पाठ होतं. शेवटची तारीख लग्नाच्या आधीच्या आठवड्याची. पुढच्या एकोणीस बायका आणि लिहिलेला सगळा प्रबंध त्या काळ्या पडलेल्या डब्यात होता, कुठंच दुसरीकडं नव्हता.

“लग्नापत्तरचंच हाय माज्याकडं,” तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही.

सृष्टीचा चेहरा पांढरा पडला. ती रडली नाही. नुसती दादाकडं बघत राहिली, आता दादा काहीतरी करेल म्हणून. ते बघणं भैरूला सोसवेना. तो ताडकन उठला.

“स्टूल धरा पाव्हणं.”

स्टुलावर चढून त्यानं खोलीतला बल्ब काढला, होल्डरला पिन बसवून वायर खाली ओढली आणि लॅपटॉपला इन्व्हर्टरची लाईन दिली. लॅपटॉप उजळला, पण पडद्यावर नुसती काळ्यावर पांढरी अक्षरं. विंडोज सापडत नाही म्हणे. दुरुस्ती करतो म्हणून तो स्वतःच बंद होऊन सुरू व्हायचा आणि पुन्हा तिथंच येऊन थांबायचा. तीनदा झालं. भैरूनं कंपनीच्या बॅगेतून जुना, टेप गुंडाळलेला पेनड्राईव्ह काढला. लाईनवरचे कॉम्प्युटर मेले की याच्यावरूनच तो ते उठवायचा. त्यात दुसरी, छोटी सिस्टीम होती, डिस्कला हात न लावता चालणारी. लॅपटॉप त्याच्यावर सुरू झाला, पण सृष्टीच्या फायलींचा कप्पा उघडेना. अर्धवट लिहिला गेला होता. भैरूनं पुन्हा पुन्हा उघडून पाहिला.

“दादा, फक्त वाचायला उघडून बघू या? त्यावर काही लिहायचंच नाही,” शेजारून मिहिर हळूच म्हणाला.

बरोबर होतं त्याचं. तेसुद्धा बरोबरच असावं का या माणसाचं! भैरूनं दात आवळले आणि तसं केलं. फोल्डर उघडला. बावन्न नावं. त्यानं चतुराबाईच्या नावावर टिचकी मारली, आणि खरखरत एक बाई बोलायला लागली, “लिव्ह गं पोरी, समदं लिव्ह...” सृष्टीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि आता मात्र ती रडली.

सगळं डिस्कवर उतरवून, लॅपटॉप कोरा करून, भैरूच्याच पेनड्राईव्हवरून नवीन विंडोज टाकून, फायली परत जागेवर ठेवेपर्यंत तीन वाजले. तपासणीचं सॉफ्टवेअरही चाललं. मग पानं मांडली.

गवराबाईला आता उधाण आलं होतं. “बगितलं का जावईबापू? तुमी एवडं आयटीतलं, पर आमच्या भैरूनंच काडलं का न्हाई!” हेच, अगदी हेच ऐकायला भैरू तीन महिने तळमळत होता. त्याची मान ताठ झाली. “समदं घर त्यानं सांबाळलंय. ह्यो इन्वर्टर बी त्यानंच जोडला. पंका अन् दिवा चालंल एवडीच लाईन दिली, मनला, बॅटरी पुरली पायजे. अन् ध्यान किती म्हणून सांगू? आज सकाळीच मला मनला, आये, पुरण धाच्या आत मिक्सरातनं काडून घी, धाला लाईट जायची हाय.”

सृष्टीचा घास हातातच राहिला.

गवराबाई आपली वाटीत आमटी ओतत होती. मिहिरनं एकदा भैरूकडं बघितलं आणि लगेच पानाकडं. “चूक माझीच, आई. मी आधी विचारायला हवं होतं,” तो म्हणाला. “दादा, तुम्ही तूप घेतलंच नाही.” आणि त्यानं स्वतः तुपाचं भांडं भैरूपुढं सरकवलं. ओरडला असता, भांडला असता, तर भैरूला बरं वाटलं असतं. त्यानं पुरणपोळी पानात तशीच टाकली. आज पहिल्यांदाच तो त्या माणसावर जळत नव्हता. त्याला स्वतःचीच घाण वाटत होती.

निघताना सृष्टी ओटीवर बॅग भरत होती. भैरू जवळ गेला.

“लॅपटॉप हितंच ठिव की. नवी बॅटरी टाकतो. फुडल्या गुरवारी ने.”

तिनं लॅपटॉप बॅगेत घातला आणि चेन ओढली. “नको दादा. मिहिर टाकेल.”

“सृष्टे, मला वाटलं माज्याकडं कॉपी हाय...”

“तू नुसतं ‘थांब’ म्हणायचंस,” ती म्हणाली. रागानं नाही, हळूच, नवऱ्याला ऐकू जाऊ नये अशा बेतानं. “तो म्हणाला असता काहीही. मी तुझंच ऐकलं असतं.”

तिनं वाकून त्याला नमस्कार केला, नेहमीसारखा, आणि गाडीत जाऊन बसली.